कागदी वीरांचे कारागीर



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इतिहास म्हटला की मोहिमा, तह आणि राज्यकर्ते यांच्याविषयी ऐकावयाची आपल्याला सवय आहे. आज आम्ही ज्या इतिहासाविषयी बोलणार आहो त्यात मोहीम नाही आणि तहही नाही. त्यात आहेत ती अमेरिकेतील पातळ रंगीत पुस्तके, ज्यांना तेथे कॉमिक बुक म्हणतात आणि आपण चित्रकथा म्हणतो. उडणारे, भिंती चढणारे, एका ठोशात पर्वत फोडणारे वीर त्यांत असतात. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने असल्या पोरखेळावर तासभर बोलावे हे कोणाला चमत्कारिक वाटेल. पण ही पुस्तके आकाशातून पडत नाहीत. ती कोणीतरी लिहितो, कोणीतरी काढतो, कोणीतरी छापतो आणि त्याची मजुरी घेतो. जेथे मजुरी आहे तेथे मजूर आहे, मजूर आहे तेथे धनी आहे, आणि तेथून आमचा विषय सुरू होतो.

आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांना ‘इंद्रजाल कॉमिक्स’ आठवत असेल. टाइम्स ऑफ इंडियाच्या मंडळींनी ते १९६४ साली सुरू केले आणि मराठीतूनही काढले. त्यातील वेताळ मूळचा अमेरिकन. तथापि एक भेद आरंभीच सांगितला पाहिजे. वेताळ आणि मँड्रेक हे वर्तमानपत्रांतील रोजच्या चित्रपट्ट्यांतून आलेले. पट्टीवर चित्रकाराचे नाव असे, आणि यशस्वी पट्टीचा कर्ता बऱ्यापैकी श्रीमंत होई. कॉमिक बुकाचा धंदा निराळा. तो स्वस्त कागदाचा, घाईचा आणि पानावारी मजुरीचा. चित्रपट्टीवाला हा पांढरपेशा, तर कॉमिक बुकवाला हा जवळजवळ उक्त्या कामाचा मजूर, असे म्हटले तरी चालेल. आमची कथा या दुसऱ्याची आहे, आणि तिचा मुख्य काळ साधारण १९६८ ते १९७८ हा आहे.

प्रथम हे काम कसे चाले ते पाहू. लेखक कथा लिही. एक चित्रकार ती पेन्सिलीने रेखाटी. दुसरा त्या रेघांवर शाई फिरवी. तिसरा पात्रांच्या तोंडचे शब्द फुग्यांत लिही. चौथा कोठे कोणता रंग हवा ते नमुन्याच्या पानावर दाखवी. मग पाने कनेक्टिकट संस्थानातील ब्रिजपोर्ट येथील केमिकल कलर या कारखान्यात जात. तेथे बहुतांशी स्त्रिया पारदर्शक कागदांवर एकेक रंग हाताने वेगळा करीत. शेवटी इलिनॉय संस्थानातील स्पार्टा या लहानशा गावी वर्ल्ड कलर प्रेसमध्ये छपाई होई. त्या काळी अमेरिकेतील बहुतेक सर्व कॉमिक बुके याच गावातून बाहेर पडत. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ब्रिजपोर्ट आणि स्पार्टा येथील माणसे एका छपराखाली काम करीत. पण लेखक आणि चित्रकार बहुधा आपापल्या घरी, आपापल्या टेबलावर, एकेकटे काम करीत आणि पाने नेऊन देत. पगार नाही, रजा नाही, आजारपणाची सोय नाही. जेवढी पाने तेवढे पैसे.

आमच्याकडील विडी कामगार आपणांस ठाऊक आहे. पाने आणि तंबाखू घरी न्यावयाचा, विड्या वळून द्यावयाच्या आणि हजारी दराने मजुरी घ्यावयाची. पुष्कळ वर्षे कारखानदार म्हणत की हा आमचा नोकरच नव्हे. घरी बसून काम करणाऱ्यालाही कामगार मानणारा कायदा व्हावयास १९६६ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील चित्रकाराची कायद्यातील स्थिती अशीच होती. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने ‘स्वतंत्र कंत्राटदारा’ला संघटनेच्या संरक्षणातून वगळले. म्हणजे दुसऱ्याच्या वीराची चित्रे दुसऱ्याच्या हुकुमाने, ठरलेल्या मुदतीत काढणारा माणूस कागदोपत्री स्वतंत्र व्यापारी ठरला. एवढेच नव्हे, तर असे ‘व्यापारी’ एकत्र येऊन दर ठरवू लागले तर त्यांच्यावरच मक्तेदारीविरोधी कायद्याची टांगती तलवार. शब्दांची ही करामत लक्षात ठेवावी. पुढील सर्व इतिहास तिच्याभोवती फिरतो.

या धंद्याचे मूळ पाप १९३८ सालचे. क्लीव्हलँड शहरातील जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी ‘सुपरमॅन’ निर्माण केला. एकाने लिहिले, दुसऱ्याने काढले. तेरा पानांच्या त्या पहिल्या कथेबद्दल १३० डॉलर देऊन प्रकाशकाने सुपरमॅनचे सर्व हक्क कायमचे विकत घेतले. त्या १३० डॉलरांतून मासिके, रेडिओ, चित्रपट, खेळणी यांचा केवढा संसार उभा राहिला हे सांगावयास नको. दोघे कोर्टात गेले. १९४८ साली तडजोड झाली, आणि सुपरमॅनवरील त्यांचे नावही गेले. हे उदाहरण धंद्यातील प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे होते. तरीही लोक काम करीत राहिले. ते मूर्ख होते म्हणून नव्हे. महिनाअखेर भाडे द्यावयाचे होते म्हणून.

१९५४ साली या धंद्यावर दुसरे संकट आले. कॉमिक बुकांमुळे मुले बिघडतात असा ओरडा झाला, सिनेटच्या उपसमितीपुढे चौकशी झाली, आणि प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता करून पुस्तकांवर तिचा शिक्का मारावयास सुरुवात केली. कित्येक प्रकाशन संस्था बसल्या आणि शेकडो हातांचे काम गेले. जे उरले त्यांच्या मनात भीती बसली, की हा धंदा केव्हाही बुडेल. तेव्हा मिळते आहे ते घ्यावे आणि गप्प बसावे. बुडत्या होडीत खलाशी पगारवाढ मागत नाही. ही भीती मालकांना किती उपयोगी पडली असेल हे आम्हांस सांगावयास नको.

साठीच्या दशकात धंदा सावरला. मार्व्हल या संस्थेत संपादक स्टॅन ली आणि जॅक कर्बी, स्टीव्ह डिटको यांसारखे चित्रकार यांनी १९६१ पासून वीरांची नवी मालिकाच उभी केली. तेथील पद्धत अशी होती की संपादक गोष्टीचा सांगाडा थोडक्यात सांगे, चित्रकार पानेच्या पाने स्वतः रचून काढी आणि मग संपादक संवाद भरी. म्हणजे गोष्टीचा बराच भाग चित्रकाराच्या डोक्यातून येई. मजुरी मात्र चित्राचीच मिळे. धंद्याला बरे दिवस आले तेव्हा मालकांनी तो विकला. सुपरमॅन आणि बॅटमॅन ज्यांच्याकडे होते ती डी. सी. या नावाने ओळखली जाणारी संस्था १९६७ साली किनी नॅशनल या कंपनीने घेतली. या कंपनीचे मूळ धंदे मोटारी उभ्या करण्याच्या जागा, साफसफाईची कामे आणि प्रेतसंस्काराची दुकाने. तिने १९६९ साली वॉर्नर ब्रदर्स हा चित्रपटांचा कारखानाही घेतला आणि १९७२ पासून ती वॉर्नर कम्युनिकेशन्स झाली. मार्व्हल १९६८ साली मार्टिन गुडमन यांच्याकडून परफेक्ट फिल्म अँड केमिकल या कंपनीकडे गेली. पुढे तिचे नाव केडन्स इंडस्ट्रीज झाले.

हा बदल वरवरचा नव्हता. पूर्वीचा धनी कंजूष असेल, पण तो समोर बसलेला असे; त्याच्याशी भांडता येई. आता धनी म्हणजे भागभांडवल आणि हिशेबनीस. त्यांनी विकत घेतले ते काय? छापखाना नव्हे, कागद नव्हे. कारागीर तर नव्हेच. त्यांनी घेतली ती पात्रांची मालकी. सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन ही नावे हीच सारी इस्टेट. अर्थात ती नावे ज्यांच्या हातून जन्मली त्यांनी तोंड उघडणे हे आता पूर्वीपेक्षा अधिक धोक्याचे झाले. आयत्या बिळात नागोबा शिरला की ज्यांनी वारूळ बांधले त्यांनाच तो फणा दाखवतो.

याच सुमारास डी. सी.तील जुन्या लेखकांनी एक मागणी केली. गार्डनर फॉक्स, ऑटो बाइंडर, आर्नल्ड ड्रेक, बिल फिंगर अशी ही अनुभवी मंडळी. पंचवीस-तीस वर्षे काम केलेली, वयाने उतरणीला लागलेली. त्यांनी मागितले काय? आजारपणाचा विमा, पानाच्या दरात वाढ, आणि जुनी कथा पुन्हा छापली तर थोडा मोबदला. यांत क्रांतिकारक असे काय होते? पण १९६८ च्या आसपास त्यांतील बहुतेकांचे काम कमी होत होत बंद पडले. संप फोडावा लागला नाही, टाळेबंदी करावी लागली नाही. उक्त्या कामाच्या मजुराला काढून टाकावे लागतच नाही. त्याला पुढचे काम द्यावयाचे नाही, एवढे पुरते. बिल फिंगर हा बॅटमॅनच्या जन्मापासूनचा लेखक, पण करारात नाव फक्त बॉब केन यांचे. फिंगर १९७४ च्या जानेवारीत वारला. त्याच्या नावाला बॅटमॅनच्या शेजारी अधिकृत जागा मिळाली ती २०१५ साली.

जुन्यांच्या जागी आले कोण? तरुण वाचक. लहानपणापासून ही पुस्तके पाठ केलेली, त्यांवर हौशी पत्रिका काढणारी मुले. मार्व्हलमध्ये आलेला रॉय टॉमस हा शाळामास्तर होता. लेन वीन, मार्व्ह वोल्फमन, गेरी कॉन्वे ही तर विशीतली पोरे. त्यांना दोष देता येत नाही. आवडत्या वीरांची कथा लिहावयास मिळते, वर पैसेही मिळतात, याचा त्यांना आनंदच होता. पण संघटकाच्या दृष्टीने पाहा. जो काम हे भाग्य समजतो तो दराची घासाघीस करीत नाही. हौस ही मालकाच्या पदरात आपोआप पडणारी सूट होय.

दुसरा पुरवठा समुद्रापलीकडून आला. टोनी डीझुनिगा हा फिलिपीन्सचा चित्रकार डी. सी.साठी काम करू लागला होता. १९७१ साली डी. सी.चे कार्माइन इन्फँटिनो आणि जो ऑर्लँडो हे त्या देशात गेले आणि चित्रकार पाहून आले. नेस्टर रेडोंडो, आल्फ्रेडो आल्काला, अलेक्स निन्यो यांच्यासारखे उत्कृष्ट कलावंत त्यातून अमेरिकन वाचकाला लाभले, हे निर्विवाद आहे. पण त्यांना पानाला मिळणारा दर अमेरिकन चित्रकाराच्या दरापेक्षा कमी होता, हेही तितकेच खरे. येथे चूक फिलिपीनी कलावंताची नाही. एकाच कामाला दोन दर ठेवले की खालचा दर वरच्याला खाली ओढतो, हा जुना नियम आहे. त्याला उत्तर परक्याचा द्वेष हे नव्हे. समान कामाला समान दर हेच होय. ती मागणी लावून धरणारे मात्र कोणी नव्हते.

आता धंद्याच्या बाजूनेही पाहिले पाहिजे, नाहीतर आमचे म्हणणे एकांगी होईल. खरोखरच खप घसरत होता. १९६५ साली सुपरमॅनच्या अंकाचा सरासरी खप आठ लाखांवर होता. १९७० साली तो पाच लाखांच्या आसपास आला आणि १९७५ पर्यंत सुमारे तीन लाखांवर घसरला. दूरचित्रवाणी घरोघर पोचली होती. कोपऱ्यावरची वर्तमानपत्रांची दुकाने कमी होत होती, आणि जी होती त्यांना वीस सेंटांच्या पुस्तकात मिळणारा नफा क्षुल्लक वाटे. कित्येकदा गठ्ठा सोडलाही जात नसे. न खपलेले अंक परत करून पैसे घेण्याची वहिवाट होती. म्हणून छापलेल्या अंकांपैकी किती विकले गेले हे कळावयास महिने लागत, आणि कळलेला आकडा तरी खरा की खोटा याची खात्री नसे.

१९७१ साली दोन्ही मोठ्या संस्थांत किमतीचे युद्ध झाले. पंधरा सेंटांचे पुस्तक डी. सी.ने पाने वाढवून पंचवीस सेंटांना केले. जादा पानांत जुन्या कथा भरल्या. मार्व्हलनेही शरदऋतूत एक महिना पंचवीस सेंट किंमत लावली आणि लगेच मागे फिरून बत्तीस पानांचे पुस्तक वीस सेंटांना आणले. शिवाय दुकानदाराला अधिक सूट दिली. दुकानदार तिकडे वळले. डी. सी. १९७२ मध्ये वीस सेंटांवर आली, पण तोवर मार्व्हल पुढे गेली होती. या युद्धात एक बारीक गोष्ट दडलेली आहे. पंचवीस सेंटांच्या पुस्तकात ज्यांच्या जुन्या कथा पुन्हा छापल्या गेल्या, त्यांत ज्यांना काम देणे बंद झाले होते अशांच्याही कथा होत्या. माणूस दाराबाहेर आणि त्याचे काम दुकानात. पुनर्मुद्रणाचा मोबदला ही जुन्या लेखकांची मागणी किती नेमकी होती ते यावरून दिसते.

याच वर्षी आचारसंहितेचा जाच थोडा सैल झाला. सरकारच्या आरोग्य व शिक्षण खात्याच्या विनंतीवरून स्टॅन ली यांनी अमली पदार्थांच्या दुष्परिणामांवर स्पायडरमॅनची कथा लिहिली. शिक्का नाकारला गेला, तरी मार्व्हलने १९७१ साली ते तीन अंक शिक्क्यावाचून काढले, आणि आभाळ कोसळले नाही. संहिता बदलली गेली. डी. सी.मध्ये डेनी ओनील आणि नील ॲडम्स यांनी १९७० पासून ‘ग्रीन लँटर्न’च्या अंकांत दारिद्र्य, वर्णभेद असे विषय आणले होते. वर्तमानपत्रांनी त्यांचे कौतुक केले. खप मात्र न वाढल्याने १९७२ साली ती मालिका थांबली. आम्हांस यात विलक्षण वाटते ते हे, की कागदावरचा वीर गरिबांच्या बाजूने बोलू लागला, पण त्याला बोलते करणाऱ्याला स्वतःच्या मजुरीविषयी बोलण्याची सोय नव्हती.

जॅक कर्बीचे उदाहरण घेऊ. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत जन्मलेला, कपड्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या बापाचा हा मुलगा. मार्व्हलची बहुतेक प्रमुख पात्रे घडविण्यात त्याचा हात. नव्या मालकांनी १९७० च्या आरंभी पुढे केलेला करार त्याला मानवला नाही. तो उठला आणि डी. सी.त गेला. तेथे त्याने देवांच्या नव्या पिढीची भव्य कथा चार मासिकांत मिळून मांडावयास घेतली. पण दोन मासिके १९७२ मध्ये अकराव्या अंकाला बंद करण्यात आली आणि १९७५ साली तो मार्व्हलमध्येच परतला. कामगाराला एक मालक सोडण्याचे स्वातंत्र्य असते. पण सारा धंदा दोघांतिघांच्या हाती असला आणि सर्वांच्या अटी सारख्या असल्या म्हणजे ते स्वातंत्र्य एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्याइतकेच उरते.

त्या अटी कोठे लिहिलेल्या असत? मौज अशी की बहुधा चेकच्या पाठीवर. मजुरीच्या चेकमागे छापलेला मजकूर असे की या सहीने सर्व हक्क कंपनीला दिले. सही केल्यावाचून चेक वटत नाही, आणि सही केली की हक्क गेले. पोटाची भूक आणि कायदेशीर संमती एकाच सहीत बांधण्याची याहून सोपी युक्ती आम्ही पाहिलेली नाही. चित्रांची मूळ पानेही परत मिळत नसत. कित्येक पाने छपाईनंतर नष्ट केली जात.

मग संघटना झालीच नाही काय? प्रयत्न झाला. १९७० साली कॉमिक बुकांतील कलावंतांची एक अकादमी स्थापन झाली. स्टॅन ली यांच्या दृष्टीने ती पारितोषिके देऊन धंद्याची प्रतिष्ठा वाढवणारी संस्था होती. नील ॲडम्सला ती दर, हक्क आणि मूळ पाने यांसाठी भांडणारी संस्था हवी होती. एकाच सभेत मालकाचा संपादक आणि पानावारी मजूर बसले म्हणजे काय व्हावयाचे तेच झाले. पारितोषिके वाटली गेली, भाषणे झाली, आणि काही वर्षांत अकादमी विराम पावली. तथापि ॲडम्सच्या धडपडीतून एक गोष्ट निश्चित पदरात पडली. सत्तरीच्या दशकाच्या मध्यापर्यंत दोन्ही संस्था मूळ पाने परत देऊ लागल्या. ही पाने विकून कित्येक चित्रकारांनी पुढे म्हातारपण काढले. पहिला विजय लहान असतो. पण तो हातात धरता येतो.

दुसरा मार्ग सान फ्रान्सिस्कोच्या तरुणांनी दाखवला. रॉबर्ट क्रम याच्या १९६८ च्या ‘झॅप’पासून निघालेली ‘अंडरग्राउंड’ पुस्तके संहितेला जुमानीत नसत आणि नेहमीच्या दुकानांत विकलीही जात नसत. त्यांतील पुष्कळ मजकूर या सभेत सांगण्याजोगा नाही. पण त्यांचा व्यवहार पाहा. चित्राचा हक्क चित्रकाराकडे, आणि छपाईच्या प्रमाणात रॉयल्टी. काही चित्रकारांनी तर १९६९ साली स्वतःची प्रकाशन संस्था काढली. स्त्री-चित्रकारांनी १९७० साली आपले पुस्तक काढले आणि १९७२ पासून नियतकालिक चालवले. १९७३ साली सुप्रीम कोर्टाने अश्लीलतेविषयी नवा निवाडा दिल्यावर दुकानदार घाबरले आणि हा बाजार आक्रसला. परंतु जे अशक्य म्हणून सांगितले जात होते ते शक्य आहे हे सिद्ध झाले.

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. १९७४ च्या अखेरीस वरिष्ठ कोर्टाने सीगल आणि शुस्टर यांचा दावा फेटाळला. कायद्याची वाट संपली. १९७५ साली सुपरमॅनवर भव्य चित्रपट निघणार अशी बातमी आली. त्या वेळी साठी ओलांडलेला सीगल लॉस एंजलिसमध्ये वर्षाला साडेसात हजार डॉलरांच्या आसपास पगारावर कारकुनी करीत होता; शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि तो न्यूयॉर्कला भावाच्या आश्रयाने राहत होता. सीगलने संतापाने एक पत्रक लिहून वर्तमानपत्रांना धाडले. नील ॲडम्सने आपल्या स्टुडिओतून पत्रे आणि फोन यांचा सपाटा लावला. वर्तमानपत्री चित्रकारांच्या संघाच्या वतीने जेरी रॉबिन्सन उभा राहिला. दूरचित्रवाणीवर दोघे म्हातारे दिसले. नाताळाच्या तोंडावर, डिसेंबर १९७५ मध्ये वॉर्नरने समेट केला: प्रत्येकाला वर्षाला वीस हजार डॉलर, आजारपणाचा विमा, आणि सुपरमॅनवर पुन्हा त्या दोघांचे नाव.

या विजयाचा अर्थ नीट लावला पाहिजे. हा हक्क नव्हता. ही लाजेपोटी दिलेली पेन्शन होती. कोर्टाच्या निकालाप्रमाणे कंपनीवर काही बंधन नव्हते. तिला भीती वाटली ती चित्रपटाच्या बदनामीची. लोकमताचा धाक कायद्याहून मोठा ठरू शकतो, हा त्यातील धडा. परंतु लोकमताला कणव येते ती सुपरमॅनच्या जनकाची; ज्याचा वीर प्रसिद्ध नाही, त्या शाई फिरवणाऱ्यासाठी आणि अक्षरे लिहिणाऱ्यासाठी बातमी कोण देणार? दया निवड करते. हक्क निवड करीत नाही.

पुढची चाल कायद्याने केली. १९७६ चा नवा कॉपीराइट कायदा १ जानेवारी १९७८ पासून अमलात आला. त्यात एकीकडे कर्त्याला किंवा त्याच्या वारसांना ठरावीक वर्षांनंतर विकलेला हक्क परत मागण्याची सोय होती. दुसरीकडे ‘भाड्याने करून घेतलेले काम’ या सदरात मोडणाऱ्या कामाला ती सोय नव्हती. त्याचा कर्ताच कायद्याने कंपनी. बाहेरच्या कारागिराचे काम या सदरात घालावयाचे तर लेखी करार हवा. झाले! प्रकाशकांनी एक पानी करार पुढे केले: सही करा, नाहीतर काम नाही. १९७८ च्या मे महिन्यात ॲडम्सने सही करू नका असे आवाहन केले. त्याच्या स्टुडिओत सभा भरली, कॉमिक बुकांतील कलावंतांचा संघ काढण्याचे ठरले, अपेक्षित दरांचे कोष्टकही निघाले. पण एकेकाने सही केली. कोणाला घरभाडे होते, कोणाला मूल झाले होते, कोणाला आपला आवडता वीर सोडवत नव्हता. संघ टिकला नाही.

तो का टिकला नाही हे आम्ही पुष्कळ वेळा मनात घोळवले आहे. भित्रेपणा हे उत्तर सोपे आहे, पण खोटे आहे. माणसे एकमेकांना भेटत नव्हती. एकाचा दर दुसऱ्याला ठाऊक नव्हता. जुन्यांना नव्यांचा राग आणि नव्यांना जुन्यांची कीव. कायदा त्यांना कामगार मानीत नव्हता. आणि त्यांचे स्वतःचेही मन आपल्याला कामगार मानावयास तयार नव्हते. आम्ही कलावंत, आमचा संघ कसला, ही भावना मालकाच्या कुलपापेक्षा घट्ट असते. ब्रिजपोर्टच्या रंगकामगार स्त्रिया, स्पार्टाचे छापखानेवाले, मनिलाचे चित्रकार आणि न्यूयॉर्कचे लेखक एकाच पुस्तकावर राबत; पण ते एका सभेत कधी बसले नाहीत.

प्रामाणिकपणे आणखी एक सांगितले पाहिजे, मग ते आमच्या पंथाला थोडे अडचणीचे का असेना. जे संघाला साधले नाही त्यातील काही भाग व्यापारातील बदलाने साधला. ब्रुकलिनमधील फिल स्यूलिंग या शिक्षकाने १९७३ साली प्रकाशकांशी व्यवहार ठरवला: अंक परत करणार नाही, त्याबद्दल सूट अधिक द्या. त्यातून केवळ कॉमिक बुकांची अशी दुकाने वाढली. किती अंक खपतील हे आधी कळू लागले, म्हणून लहान प्रकाशकही तग धरू लागले. त्यांतील पॅसिफिक कॉमिक्स या संस्थेने १९८१ साली कर्बीचे पुस्तक काढले आणि पात्राची मालकी कर्बीकडेच ठेवली. माणसे जाऊ लागली तेव्हा डी. सी. आणि मार्व्हल यांनी १९८१-८२ च्या सुमारास एक लाखावरील खपावर रॉयल्टी देण्यास सुरुवात केली. पण ही स्पर्धा उभी राहिली कशी? दहा वर्षे कोणी तरी ओरडत होते, म्हणून काय मागावयाचे हे सर्वांना ठाऊक झाले होते. वाट बाजाराने उघडली. वाटेचा नकाशा चळवळीने काढला होता. कर्बी १९९४ साली वारला, आणि त्याच्या वारसांशी मार्व्हलने तडजोड केली ती २०१४ साली.

मित्रहो, कसेल त्याची जमीन हे तत्त्व आपल्याकडे निदान कायद्याच्या पुस्तकात तरी मान्य झाले. काढील त्याचे चित्र हे तत्त्व मात्र जगातील सर्वांत श्रीमंत देशातही अजून वादग्रस्तच आहे. आज आपल्या दारात जेवणाचा डबा घेऊन येणारा मुलगा कागदावर कंपनीचा ‘भागीदार’ असतो. न्यूयॉर्कचा चित्रकारही कागदावर ‘स्वतंत्र’ होता. शब्द मोठा झाला की माणसाने सावध व्हावे. ज्या कामाचा दर दुसरा ठरवतो, ज्याची मुदत दुसरा ठरवतो आणि ज्याचे फळ दुसऱ्याकडे जाते, ते करणारा माणूस कामगारच असतो, मग त्याच्या हाती कुदळ असो की कुंचला. त्याने हे स्वतःशी कबूल करावे आणि शेजारच्याला त्याचा दर विचारावा. आमच्या मते संघटनेचा आरंभ तेवढ्या एका प्रश्नाने होतो.